‘आहे’ या एका शब्दापायी

पोप मुंबईला आले त्या वर्षी मी दहा वर्षांचा होतो. साल १९६४, महिना डिसेंबर. ‘युकॅरिस्टिक काँग्रेस’ भरणार म्हणून वर्तमानपत्रांचे रकाने ओसंडून वाहत होते. काँग्रेस म्हटली की एकच काँग्रेस ठाऊक असलेल्या आम्हा चाळीतल्या पोरांना पोपसाहेबांनी खादी केव्हा धरली, हे काही केल्या उमगत नव्हते.

आमची चाळ धोबीतलावाच्या अंगाला. तिसऱ्या मजल्यावर गोव्याच्या एक आंटी राहत. त्यांचे यजमान बोटीवर; वर्षातून एकदा येत. पोटी मूलबाळ नाही, त्यामुळे मजल्यावरची सगळी पोरे त्यांचीच. नाताळात त्यांच्या नेवऱ्या खाल्ल्याशिवाय आमचा नाताळ होत नसे आणि दिवाळीत माझ्या आईच्या करंज्या गेल्याशिवाय त्यांची दिवाळी. या दोन वस्तू मुळात एकच आहेत, हा शोध मला पुष्कळ उशिरा लागला. गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला अहमदनगरकडचे एक मास्तर राहत. तेही ख्रिस्तीच, पण प्रॉटेस्टंट. आंटींच्या खोलीत मरियामाता, मेणबत्ती आणि जपमाळ. मास्तरांच्या खोलीत एक कॅलेंडर आणि टेबलावर मराठी बायबल. आंटींना ताप आला की डॉक्टरला आणायला मास्तरच धावत. रविवारी सकाळी मात्र दोघे एकाच वेळी जिना उतरत आणि खाली रस्त्यावर पोचताच एक डावीकडे वळे, दुसरा उजवीकडे.

परिषदेच्या दिवसांतल्या एका संध्याकाळी आंटी मला ओव्हल मैदानावर घेऊन गेल्या. एवढी माणसे मी त्याआधी फक्त चौपाटीवर, अनंतचतुर्दशीला पाहिली होती. पुष्कळ वेळ लॅटिन प्रार्थना झाल्या, गाणी झाली, आणि मग पांढऱ्या झग्यातले पाद्री पेले घेऊन रांगांमधून फिरू लागले. आंटी गुडघे टेकून बसल्या, त्यांनी डोळे मिटले, जीभ पुढे केली, आणि पाद्र्याने तिच्यावर एक पांढरी गोल चकती ठेवली. प्रसाद! मीही, आईने शिकवले होते तसा, उजव्या तळहाताखाली डावा धरून हात पुढे केला. आंटींनी डोळे न उघडताच तो हात हळूच खाली दाबला आणि पुटपुटल्या, “तें तुका ना, पुता.”

आंटींनी मला कशालाही ‘नाही’ म्हटल्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

रात्री गॅलरीत मी मास्तरांकडे गाऱ्हाणे नेले. मास्तर हसले. “अरे, तुझे काय घेऊन बसलास? मी गेलो असतो तर मलाही मिळाला नसता.”

“पण तुम्ही तर ख्रिस्ती ना?”

“तेच तर! प्रभूने शेवटच्या जेवणाला भाकर मोडली आणि म्हटले, ‘हे माझे शरीर आहे.’ आंटी म्हणतात, आहे म्हणजे आहे. आम्ही म्हणतो, आहे म्हणजे त्याची खूण आहे. चारशेवर वर्षे झाली, ‘आहे’ या एका शब्दाचे भांडण मिटत नाही बघ.”

मास्तरांचे हे वाक्य मला जन्मभर पुरले. पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो, युरोपचा इतिहास वर्षानुवर्षे शिकवला, पण सर्व लढाया आणि तह एकीकडे आणि ती पांढरी चकती एकीकडे, असे मनात होऊन राहिले होते. निवृत्तीनंतर मुलगी जर्मनीत फ्रँकफुर्टला स्थायिक झाली आणि तिच्याकडे दोन-तीनदा जाणे झाले, तेव्हा या भांडणाची ठिकाणे डोळ्यांनी पाहून घेतली. त्या फिरतीत जे उलगडले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, आमच्यासारख्यांना हा ‘प्रसाद’ वाटतो, तिथेच फसगत होते. आपण देवाला नैवेद्य दाखवतो आणि त्यातला उरलेला घास घेतो. देव देव राहतो आणि पेढा पेढा. कॅथलिकांच्या मिस्सेत घडते ते उलटे. तिथे देवच अन्न होऊन येतो. बिनखमिराची गव्हाची पातळ चकती आणि द्राक्षाचा थोडा मद्यरस; त्यांवर धर्मगुरू ख्रिस्ताचे शब्द उच्चारतो, आणि त्या क्षणापासून ती भाकर भाकर राहत नाही, ख्रिस्ताचे शरीर होते, अशी ही श्रद्धा. मग रंग, चव, वास तसाच कसा राहतो? या प्रश्नाला तेराव्या शतकातल्या पंडितांनी जे उत्तर दिले ते आपल्याकडच्या न्यायशास्त्राच्या भाषेत चटकन सांगता येते. कैरीचा आंबा होतो तेव्हा रंग बदलतो, चव बदलते, पण फळ तेच असते. गुण पालटतात, द्रव्य कायम राहते. वेदीवर याच्या नेमके उलट होते. द्रव्य पालटते आणि गुण जागच्या जागी राहतात. डोळ्यांना, जिभेला, तराजूला काहीही फरक कळत नाही. कळतो तो फक्त श्रद्धेला.

ही मांडणी पहिल्यापासून अशी रेखीव नव्हती. अकराव्या शतकात तूर गावच्या बेरंगार नावाच्या एका शिक्षकाने शंका काढली, की हे सारे खुणेच्या अर्थाने का घेऊ नये? १०५९ साली त्याला रोमला बोलावून घेतले आणि भाविकांचे दात ख्रिस्ताचे खरे शरीर चावतात, अशा मजकुराखाली त्याच्याकडून सही घेतली. बिचाऱ्याने सही केली, घरी जाऊन मत फिरवले, पुन्हा बोलावणे आले. १२१५ साली रोमला लॅटरन येथे जी मोठी धर्मपरिषद भरली, तिने ‘द्रव्यांतर’ हा शब्दच अधिकृत करून टाकला. त्याच परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून निदान एकदा, ईस्टरला, ही भाकर घेतलीच पाहिजे असे फर्मावले. निदान एकदा! म्हणजे लोक तितकेही घेत नव्हते. एवढी भयंकर पवित्र वस्तू आपल्या पापी तोंडात कशी घालावी, या धास्तीने सामान्य माणूस दूरच राही. घेण्याऐवजी तो पाही. धर्मगुरू चकती डोक्यावर उंच धरी, घंटा वाजे, आणि त्या एका क्षणाच्या दर्शनासाठी लोक या देवळातून त्या देवळात धावत. ज्या समाजाला पाहण्याची इतकी भूक लागली, त्याला मग काहीतरी दिसूही लागले.

त्या दिसण्याची सर्वांत गाजलेली कथा बोल्सेनाची. रोमच्या उत्तरेला याच नावाचे एक मोठे तळे आहे, त्याच्या काठी हे लहानसे गाव. १२६३ साली एक धर्मगुरू, परंपरा त्याला प्रागचा पेत्रुस म्हणते, रोमच्या यात्रेला चालला होता. माणूस सज्जन, पण त्याला शंकेने पोखरलेले. ही भाकर खरोखरच ख्रिस्ताचे शरीर होते का? मुक्कामात संत क्रिस्तीनाच्या समाधीवरल्या वेदीपाशी त्याने मिस्सा सुरू केली, ते शब्द उच्चारले, आणि हातातल्या चकतीतून रक्त ठिबकू लागले. खाली अंथरलेल्या तागाच्या वस्त्रावर डाग पडले, फरशीवरही पडले. तो घाबरून अर्ध्यावर मिस्सा सोडून निघाला आणि थेट ओर्व्हिएतोला पोचला. तिथे तेव्हा पोप चौथे अर्बन मुक्कामाला होते. पोपनी खात्री करून घेतली, ते वस्त्र मिरवणुकीने आणवले, आणि दुसऱ्या वर्षी, १२६४ च्या ऑगस्टमध्ये, ‘ख्रिस्तशरीराचा सण’ साऱ्या ख्रिस्ती जगाला लावून दिला.

कथा अशी घट्ट बसते की शंका घेणे जिवावर येते. पण शिक्षकाची खोड जात नाही. सणाचे जे आज्ञापत्र अर्बननी काढले त्यात बोल्सेनाचे नावसुद्धा नाही! चमत्काराचे जुन्यात जुने दर्शन आहे ते ओर्व्हिएतोच्या कॅथीड्रलातल्या एका पेटाऱ्यावर. सिएनाच्या उगोलीनो दी व्हिएरी या सोनाराने १३३७-३८ साली त्या वस्त्रासाठी सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा पेटारा घडवला आणि त्याच्यावर मिन्यात सारी कथा चितारली. म्हणजे घटनेनंतर पाऊणशे वर्षांनी. सणाचा खरा उगम शोधायला उत्तरेकडे, आजच्या बेल्जियममधल्या लिएज गावी जावे लागते. तिथे ज्युलियाना नावाची एक जोगीण होती. तिला लहानपणापासून एकच दर्शन घडे: पूर्ण चंद्र, आणि त्यावर एक काळी चीर. चंद्र म्हणजे चर्च, आणि ती चीर म्हणजे नसलेला सण, असा तिने अर्थ लावला. १२४६ साली लिएजच्या बिशपने आपल्या मुलखापुरता तो सण मान्य केला. त्या काळी लिएजला एक धर्माधिकारी होता, झाक पांतालिओं, मोच्याचा मुलगा. तोच पुढे चौथा अर्बन झाला. ज्युलियाना १२५८ सालीच वारली. तिची चीर बुजलेली तिला पाहायला मिळाली नाही. एका बाईचे आयुष्यभराचे चिकाटीचे काम, पण लोकांच्या ध्यानात राहिले ते रक्त.

ओर्व्हिएतोला आम्ही रोमहून आगगाडीने गेलो. स्टेशन खाली, गाव वर, एका प्रचंड कड्यावर. दोरखंडाने ओढलेल्या छोट्या गाडीतून वर चढायचे. कॅथीड्रलची पायाभरणी १२९० ची. अंगभर काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे आणि दर्शनी भाग असा जडावाचा, की उन्हात डोळे दिपतात. आत डाव्या हाताला ते वस्त्र ठेवलेली उपासनाखोली. वस्त्र जुने, पिवळट, त्यावर तांबूस-तपकिरी डाग. पाहताना मी भारावलो वगैरे नाही; मला एकाएकी आठवले ते निराळेच. १९६४ साली, अर्बनच्या आज्ञापत्राला सातशे वर्षे झाली म्हणून, ऑगस्टमध्ये सहावे पॉल हेलिकॉप्टरने इथे आले होते आणि याच वेदीवर त्यांनी मिस्सा केली होती. त्यानंतर चारच महिन्यांनी ते ओव्हलवर आले. म्हणजे ज्या सणाच्या वेदीपुढे मी म्हातारपणी उभा होतो, तिचा धागा माझ्या लहानपणीच्या मैदानाला आधीच जोडलेला होता.

तेवढ्यात तिथे मिस्सा सुरू झाली. आता लॅटिन नाही, इटालियन; आणि पुष्कळजण चकती जिभेवर न घेता हातावर घेतात, अगदी उजव्याखाली डावा हात धरून. मी मागे खांबाला टेकून उभा होतो आणि माझे हात पाठीमागे बांधून घेतले होते. ते बांधून घेतले आहेत हे मुलीने दाखवले तेव्हा मला कळले.

याच ओर्व्हिएतोत त्या काळी टॉमस अक्विनस राहत होता, कॅथलिक पंडितांचा मुकुटमणी. सणाची प्रार्थनागीते त्याने रचली असे परंपरा सांगते. त्याने पुढे आपल्या महाग्रंथात नेमका हा प्रश्न घेतला: कधीकधी वेदीवर मांस किंवा रक्त दिसते म्हणतात, ते काय? बोल्सेनाचे नाव तो घेत नाही. त्याचा निवाडा असा, की जे दिसते ते ख्रिस्ताचे स्वतःचे रूप नव्हे; पाहणाऱ्याची दृष्टी तरी पालटते, नाही तर बाहेरचे रूप तरी. उघडच आहे. द्रव्य बदलते आणि गुण तसेच राहतात, हा सिद्धांत असेल, तर चकतीला रक्त येणे हा सिद्धांताचा पुरावा नव्हे, तो सिद्धांताला अपवाद! न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवा, असे शिकवणाऱ्यांना डागांचा आधार घ्यावा लागला, यातली गंमत टॉमसला कळली होती. लोकांना ती कळायला नको होती.

आणि लोकांच्या भोळेपणावर पोट भरणारे कुठे नसतात? बर्लिनच्या वायव्येला व्हिल्सनाक नावाचे खेडे आहे. १३८३ साली एका सरदाराने ते जाळले. राखेत शिरून धर्मगुरूने पाहिले तर वेदीवर तीन चकत्या शाबूत, आणि प्रत्येकीवर रक्ताचा थेंब. झाले! खेड्याचे तीर्थक्षेत्र झाले, यात्रेकरूंची रीघ लागली, जळक्या देवळाच्या जागी टोलेजंग चर्च उभे राहिले. बोहेमियाहूनही लोक जात, म्हणून प्रागच्या आर्चबिशपने चौकशी नेमली आणि तिच्यात एक तरुण पंडित होता, यान हुस. त्याने लिहून ठेवलेला एक किस्सा असा. प्रागच्या एका नागरिकाचा हात लुळा होता. त्याने नवसाने व्हिल्सनाकला चांदीचा हात वाहिला, आणि धर्मगुरू काय सांगतात ते ऐकावे म्हणून दोन-तीन दिवस गुपचूप तिथेच राहिला. तिसऱ्या दिवशी व्यासपीठावरून घोषणा झाली: पाहा, पवित्र रक्ताच्या कृपेने प्रागच्या माणसाचा हात बरा झाला, आणि ही त्याची चांदीची खूण! गर्दीतून हा गृहस्थ उठला, आपला लुळा हात सर्वांपुढे धरला आणि म्हणाला, महाराज, खोटे का बोलता? हा माझा हात, होता तसाच आहे.

हुसची निर्भीडता पुढे त्याला भोवली. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या परिषदेने त्याला जिवंत जाळले, आणि त्याच परिषदेने सामान्य भाविकांना पेला द्यायचा नाही, फक्त भाकर द्यायची, हा रिवाज कायद्याने पक्का केला. हुसच्या अनुयायांनी मग पेल्याचेच चित्र निशाणावर काढून लढाया केल्या. इथे एक सांगितले पाहिजे. रक्ताळ चकत्यांना विरोध करणारे सगळे बंडखोरच होते असे नाही. १४५१ साली पोपचा वकील म्हणून जर्मनीत फिरणारे कार्डिनल निकोलस कुसानुस यांनी असल्या चकत्या दाखवायला बंदीच घातली होती. दोनच वर्षांत पोपनी व्हिल्सनाकला मोकळीक दिली. तीर्थक्षेत्राचे अर्थकारण कार्डिनललाही आवरत नाही.

या कथांचे एक पान असे आहे की ते सणासुदीच्या अंकात उघडावे की नाही, याचा मी बराच विचार केला. पण ते मिटवून ठेवले तर बाकी सगळा इतिहास खोटा होईल. चकतीला रक्त येते, तर मग तिला कोणीतरी भोसकले असले पाहिजे. आणि भोसकणारा यहुदीच असला पाहिजे, असा तर्क निघाला. ज्या १२१५ च्या परिषदेने द्रव्यांतर ठरवले, तिनेच यहुद्यांनी वेगळा पोशाख करावा असाही हुकूम काढला होता. १२९८ साली फ्रँकोनियात रोटिंगन गावी अशी आवई उठली आणि तिथून निघालेल्या जमावाने शंभरांहून अधिक गावांतल्या यहुदी वस्त्या कापून काढल्या. १३३८ साली डेगेनडोर्फला यहुद्यांची कत्तल झाली. चकतीची कथा मागाहून जोडली गेली आणि त्या नावाने तिथे यात्रा भरू लागली. ती बंद झाली १९९२ साली! आणि १५१० साली बर्लिनला ३८ यहुदी एकाच चितेवर जाळले. चोरी केली होती एका ख्रिस्ती भांडी सांधणाऱ्याने. यहुद्यांचा काही दोष नाही असे त्याने मरण्यापूर्वी कबूलही केले होते. ते दडपले गेले आणि १५३९ साली मेलांख्थोनने, ल्यूथरच्या उजव्या हाताने, ते उघड केले. यावरून प्रॉटेस्टंटांना शाबासकी द्यावी, तर खुद्द ल्यूथरने १५४३ साली यहुद्यांविरुद्ध इतके जहरी पुस्तक लिहिले आहे की ते वाचून मान खाली जाते.

आता मास्तरांच्या भांडणाकडे वळू. त्याची जागा मारबुर्ग. मुलीच्या घरापासून आगगाडीने तासाभराची वाट. खाली लान नदी, वर अरुंद चढाच्या गल्ल्या, आणि माथ्यावर किल्ला. १५२९ च्या ऑक्टोबरात हेसचा राजा फिलिप याने सगळ्या सुधारकांना इथे बोलावले. पोपच्या सत्तेविरुद्ध सारे एक. मग भाकरीवरूनच आपसांत का फुटता, बसून मिटवा, असे त्याचे राजकारण. एका बाजूला ल्यूथर आणि मेलांख्थोन, दुसऱ्या बाजूला झुरिकचा त्स्विंगली आणि बाझलचा एकोलांपाडिउस.

ल्यूथरला द्रव्यांतराची पंडिती मान्य नव्हती. तीर्थक्षेत्रांवरही त्याचा दात होता. व्हिल्सनाकसारखी ठिकाणे जमीनदोस्त करा, असे त्याने १५२० सालीच लिहिले होते. पण ख्रिस्त भाकरीत खरोखर असतो, यावर तो कॅथलिकांइतकाच अडून बसलेला. त्स्विंगली म्हणे, ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवते’. हा अर्थ त्याने एका डच वकिलाच्या पत्रातून उचलला होता. नवरा बायकोला अंगठी देतो आणि म्हणतो, हा घे मी. तशी ती भाकर, असा त्या वकिलाचा दाखला. मंगळसूत्राच्या देशातल्या वाचकाला तो समजावून सांगायला नको. अंगठी म्हणजे नवरा नव्हे हे बायकोला कळते, पण ती नुसती अंगठी आहे असे म्हणून पाहा!

सांगतात, की वाद सुरू होण्यापूर्वी ल्यूथरने खडू घेतला आणि टेबलावर लॅटिनमध्ये लिहिले, ‘हे माझे शरीर आहे’. मग त्यावर मखमलीचे कापड ओढले. त्स्विंगलीने पुरावा मागताच त्याने कापड बाजूला केले आणि त्या अक्षरांवर बोट ठेवले. हा माझा पुरावा! जन्मभर खडू हातात धरलेल्या माणसाला तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायला कष्ट पडत नाहीत. फळ्यावर लिहिले की ते खरे झाले, असे आम्हा शिक्षकांनाही वाटते. त्स्विंगली म्हणाला, ख्रिस्ताचे शरीर स्वर्गात आहे, ते हजार वेद्यांवर एकाच वेळी कसे असेल? ल्यूथरने उत्तर दिले, की देवापुढे गणित चालवू नका.

दिवस संपले. गावाभोवती घामाच्या तापाची साथ आली, आणि राजाने आवरते घेतले. पंधरा कलमे लिहिली गेली. चौदांवर एकमत झाले. पंधराव्यातही बहुतेक जुळले, पेला सर्वांना द्यावा इथपर्यंत. उरला तो तेवढा ‘आहे’. त्स्विंगलीच्या डोळ्यांत पाणी आले. मतभेद असू देत, पण भाऊ तरी म्हणा, असे त्याने विनवले. ल्यूथरने ते मान्य केले नाही. तुमचा आत्मा निराळा, म्हणाला. दोन वर्षांनी कापेलच्या लढाईत त्स्विंगली मारला गेला.

त्या दालनात उभा असताना माझ्या मनात एक भाषिक कुतूहल घोळत होते. येशू बोले ती आरामी भाषा. त्या भाषेत असल्या वाक्याला क्रियापद लागत नाही. ‘हे माझे शरीर’, एवढेच. मराठीतही ते चालते. ‘हा माझा मुलगा’ म्हटले की ‘आहे’ कोणी शोधत बसत नाही. ग्रीकमध्ये लिहिताना ‘आहे’ आले, लॅटिनमध्ये उतरले, आणि त्याच्यावर खडू ओढून युरोप दुभंगला. मूळ वक्त्याने तो शब्द बहुधा उच्चारलाच नव्हता!

पुढचा भाग थोडक्यात. जिनिव्हाचा काल्व्हिन मध्ये पडला: खूण आहे, पण रिती खूण नव्हे. कॅथलिकांनी १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेत द्रव्यांतर पुन्हा ठासून सांगितले. १५५२ साली व्हिल्सनाकच्या प्रॉटेस्टंट धर्मगुरूने त्या तीन चकत्या आगीत टाकल्या.

रक्ताचा उलगडा मात्र ना पंडितांनी केला ना राजांनी. तो झाला एका शेतकऱ्याच्या जेवणात. १८१९ च्या उन्हाळ्यात पादुआजवळ लेन्यारो गावी मक्याची शिजवलेली घट्ट पेज, तिला तिकडे पोलेंता म्हणतात, रातोरात रक्तासारखी लाल झाली. घराला शाप लागला म्हणून गावाने कोलाहल केला. बार्तोलोमिओ बिझिओ या औषधशास्त्रज्ञाने दमट, उबदार जागेत ताज्या पोलेंतावर तोच लाल रंग वाढवून दाखवला. हे सजीव जंतू आहेत, असे त्याने जाहीर केले. ‘सेरातिया’ हे त्याने दिलेले नाव आजही चालते. १८४८ साली बर्लिनला एरेनबेर्गने उकडलेल्या बटाट्यावर तेच जंतू पाहिले आणि इतिहासातल्या रक्ताळ भाकरींच्या कथा गोळा केल्या. त्यांपायी माणसे जाळली गेली, हे त्याला ठाऊक होते. १९९४ साली एका अमेरिकन संशोधिकेने चर्चमधल्या चकत्यांवरच हे जंतू वाढवून दाखवले. ओलसर तळघर, पिठाची चकती, उन्हाळा. आणखी काय हवे? पण म्हणून बोल्सेनाला तेच घडले, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू नये. लान्चानो गावच्या अशाच एका अवशेषाची १९७१ साली एका इटालियन प्राध्यापकाने तपासणी केली. हृदयाचे मांस आणि ‘एबी’ गटाचे रक्त, असा त्याचा अहवाल आहे. ते मांस तिथे आले कसे, हे मात्र सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. आणि कॅथलिक चर्चचे स्वतःचे म्हणणे असे, की असल्या कोणत्याही चमत्कारावर विश्वास ठेवण्याची सक्ती भाविकावर नाही.

मारबुर्गला जे जमले नाही ते १९७३ साली, बाझलजवळ लॉयेनबेर्ग येथे जमले. ल्यूथर आणि त्स्विंगली-काल्व्हिन यांच्या परंपरांतल्या युरोपीय चर्चांनी एकमेकांना आपल्या पंक्तीला बसवायचे ठरवले. चारशे चव्वेचाळीस वर्षे लागली. कॅथलिकांची पंगत अजून वेगळीच आहे.

आपल्याकडे त्याच्या तीन वर्षे आधी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपुरात असाच एक मेळ बसला होता. उत्तर भारतातल्या सहा निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांनी मिळून एक चर्च केले. मास्तर मुद्दाम रजा काढून नागपूरला गेले होते. परत आले ते संत्र्यांची करंडी घेऊन. गॅलरीत करंडी ठेवून त्यांनी आंटींना सारी हकीकत सांगितली, कोण कोण आले होते, कोणत्या प्रार्थना झाल्या, भाकर कशी मोडली.

आंटींनी ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे मास्तर, आता तुम्ही आमच्यात आलात?”

“नाही हो बाई,” मास्तर म्हणाले, “आत्ता कुठे आम्ही आमच्यात आलो.”

आंटी खूप हसल्या. मग त्यांनी करंडीतले एक संत्रे सोलले, अर्धे मास्तरांच्या हातावर ठेवले आणि अर्धे माझ्या.